फोटोच्या कडेची माणसं : एका मामा तलावाच्या स्लाइडशोचं प्रकरण

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक गाव. दीड हजाराच्या आसपास वस्ती, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या आणि वरच्या अंगाला तलाव. दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, रात्रभर नाटक चालतं. या गावच्या मंडई समितीतल्या पोरांनी ठरवलं की यंदा नाटकाचा पडदा उघडण्याआधी आपल्या तलावाचा इतिहास दाखवायचा. मोबाइलमध्ये फोटो पडलेच आहेत, शाळेत प्रोजेक्टर आहे, आणखी काय लागतं?

मी साकोलीला संगणकाचे वर्ग घेतो. समितीतले दोघं माझ्याकडे शिकून गेलेले, म्हणून त्यांनी केलेली पहिली आवृत्ती ‘जरा फायनल मारून द्या सर’ म्हणत माझ्याकडे आली. ती फायनल व्हायला अख्खा पावसाळा गेला. शेवटी जे तयार झालं ते असं: साडेपाच मिनिटं, एकवीस फोटो, तीन आवाज. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे मालगुजारांच्या वाड्याचा आणि मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्याचा विषय येणार आहे आणि दोघांनाही त्याच गावात राहायचं आहे.

तलाव कुणाचा

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांच्या वर जुने तलाव आहेत. सरकारदरबारी ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलताना मामा तलाव. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन द्यायची अशी रीत होती. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून देवपण दिलं, आणि तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात.

इंग्रजी अमलात, १८६० च्या दशकातल्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात, मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, गावांचे मालकी हक्क मिळाले आणि गावाबरोबर तलावही त्यांच्या नावावर गेले. १९५० च्या कायद्याने हे हक्क संपले. अंमल ३१ मार्च १९५१ पासून. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलावांचं बघणं हळूहळू त्यांच्याकडे गेलं. म्हणजे मालगुजारी आली तेव्हा यातले कितीतरी तलाव आधीच पाण्याने भरलेले होते आणि ती जाऊन सत्तर वर्षं झाली, तरी तलावाच्या नावात मालगुजार बसून आहे. या गावचं प्रकरण ह्याच गाठीत अडकलं.

पहिली आवृत्ती

साठ-सत्तर फोटो, प्रत्येकी तीन सेकंद. एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना कधी पान उलटतंय, कधी चौकोन फुटतायत. मागे सिनेमातलं गाणं. पहिल्याच स्लाइडवर सोनेरी अक्षरात ‘मालगुजार साहेबांनी बांधलेला ऐतिहासिक तलाव’. त्यानंतर सूर्यास्त, सूर्यास्त, कमळं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे समितीचे सदस्य, पुन्हा सूर्यास्त. गाळ काढताना जेसीबी. मध्येच सारस पक्ष्यांची एक देखणी जोडी.

महाराष्ट्रात सारस म्हटलं की गोंदिया जिल्हा, हे खरं. पण या तलावावर सारस उतरल्याचं पोरांपैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. फोटो इंटरनेटवरून उचललेला. दुसऱ्याच्या तलावातला, दुसऱ्याने काढलेला सारस. तो गेला. गाणंही गेलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचा विचार असेल तर हा मुद्दा पहिल्याच दिवशी आडवा येतो.

गाण्यापेक्षा मोठी अडचण वेगळी होती. सांगणारं कुणी नव्हतं. फोटो मोबाइलच्या गॅलरीत ज्या ओळीने होते त्याच ओळीने लावलेले. बघणाऱ्याला कळणार काय, तर आमच्या गावात तलाव आहे आणि संध्याकाळी तिथे सूर्य मावळतो. हे मंडईला आलेल्या जावयालाही माहीत असतं.

माझ्या वर्गात मी एक साधी कसोटी देतो: स्लाइडशो चालू करा आणि पडद्याकडे पाठ करून बसा. नुसतं ऐकून गोष्ट कळली तर फोटो लावायला घ्या. पोरांनी पाठ केली आणि तीन मिनिटं सिनेमाचं गाणं ऐकलं. पटलं त्यांना.

एक फोटो मात्र मला थांबवून बघावासा वाटला. काळापांढरा, खुर्चीत बसलेले फेटेवाले गृहस्थ, शेजारी टोपीवाले पाहुणे. ‘हा वाड्यातला,’ एक जण म्हणाला. ‘भिंतीवर टांगला आहे. उजव्या अंगाला खिडकीची तिरीप येत होती काचेवर, म्हणून मधलंच घेतलं.’

फ्रेम उतरवली

वाडा म्हणजे मालगुजारांचा. त्यांचे नातू आता सत्तरी ओलांडलेले, गाव त्यांना अजून ‘मालक’च म्हणतं. माणूस भला. फोटो घराबाहेर जाणार नाही एवढी एकच अट त्यांनी घातली, म्हणून मी माझा स्कॅनर पिशवीत घालून बसने गेलो.

जुनी फ्रेम उघडताना काच फोटोला चिकटली आहे का, हे आधी बघायचं. चिकटली असेल तर ओढायची नाही, काचेबरोबर चेहरेही सोलून निघतात. मग काचेसकटच, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरून टिपायचा. इथे काच मोकळी होती. मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला, खिळे गंजलेले. फोटो बाहेर काढला, मऊ ब्रशने धूळ झाडली, आणि ज्या कडेवर खिडकीची तिरीप पडायची ती कड पहिल्यांदाच नीट दिसली.

मध्ये खुर्चीत मालगुजार, हातात छडी. दोन्ही बाजूंना दोन टोपीवाले, मांडीवर बंदुका. पुढे जमिनीवर ओळीने मांडलेली मारलेली बदकं. खुर्चीला हात लावून उभा आठ-दहा वर्षांचा मुलगा. मागे पाणी, पाण्यामागे पाळ. आणि उजव्या कडेला तीन माणसं. एक गुडघाभर पाण्यात, लंगोटीवर, डोंग्याचं, म्हणजे लहान होडीचं, नाक धरून उभा. दुसऱ्याच्या खांद्यावर जाळं, तो कॅमेऱ्याकडे न बघता बदकांकडे बघतोय. तिसरा फोटोच्या चौकटीत अर्धाच आलाय: एक हात आणि हातातला बांबू.

मालक म्हणाले, ‘हे कोण? एवढी वर्षं फोटो बघतो, लक्षच गेलं नाही.’

इथे थोडा हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फोटो आठ इंच रुंद. ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर रुंदीत ४८०० पिक्सेल मिळतात. पडदा भरायला १९२० लागतात. पूर्ण फोटो दाखवायचा तर ६०० पुष्कळ झाले. पण ती तीन माणसं फोटोच्या जेमतेम पाव रुंदीत आहेत. पाव म्हणजे १२०० पिक्सेल, म्हणजे पडद्यावर ताणून भुरकट. १२०० डीपीआयला तोच पाव भाग २४०० पिक्सेलचा होतो आणि पडदा भरून उरतो. फोटोत एखादा तपशील जवळून दाखवायचा आहे हे स्कॅन करण्याआधी ठरलेलं असलं की दुसरी खेप पडत नाही. आणि ही फाइल गावातल्या पोरांना पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. फोटो म्हणून पाठवली की तो ॲप पिक्सेल खाऊन टाकतो.

टिनाचा पत्रा

लॅपटॉप घेऊन आम्ही ढिवर मोहल्ल्यात गेलो. मासेमार संस्थेतले एक म्हातारेबुवा, ऐंशी पार केलेले, मोहल्ला त्यांना बाबाजी म्हणतो. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी आधी पूर्ण फोटो दाखवला. ‘मालगुजार,’ एवढंच म्हणाले. मग ती कड पडदाभर केली.

बाबाजी पुढे वाकले. डोंग्याच्या नाकाजवळ एक फिकट चौकोन होता, मला तो फोटोवरचा डाग वाटला होता. बोट तिथेच गेलं.

‘हा पत्रा पाह्यला का जी? डोंगा नाकाजवर चिरला होता. टिनाच्या डब्याचा पत्रा मारला आमच्या बापानं. हे खिरे पाहा.’

आणखी मोठं केलं. खिळे मोजता येत होते. चार.

‘सायेब लोक बंदूक मारत. बदक पडे मधामधी पान्यात. थंडीचे दिवस. काहाडून कोन आनन? आमचा बाप.’

पोरांपैकी एकाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण आधीच चालू केलं होतं. हे आधीच ठरवून ठेवलं होतं: फोटो दाखवायच्या आधी रेकॉर्डिंग चालू. माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा जे बोलतो ते ‘आता पुन्हा एकदा सांगा बाबाजी’ म्हटल्यावर येत नाही. दुसऱ्यांदा तो भाषण करतो.

बाबाजींनी पुढे तासभर सांगितलं. शिंगाड्याची वेल कुठे लावायचे, देवधान कुठल्या अंगाला उगवायचं, मरळ कधी वर येते, बेशरमची झुडपं कधीपासून माजली. पाळ खचायची तेव्हा घरटी एक माणूस मातीला जायचा, आणि मोहल्ल्यातला तर चुकायचाच नाही. यातलं बहुतेक स्लाइडशोत आलेलं नाही. ते ध्वनिमुद्रण शाळेच्या संगणकात वेगळं ठेवलं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात गावाच्या हाती लागलेली मोलाची चीज ती आहे. साडेपाच मिनिटांचा शो ही तिची वरची साय.

फोटो कुठून सुरू करायचा

स्थिर फोटोवर कॅमेरा सावकाश सरकवता येतो, जवळ नेता येतो, मागे घेता येतो. ओपनशॉट, शॉटकट असल्या फुकट प्रोग्रॅममध्येही ही सोय आहे. बहुतेक लोक ती शोभेसाठी वापरतात, सगळे फोटो आपले हळूहळू फुगत असतात. प्रत्यक्षात तिथे निवेदक मत देत असतो. मालगुजारांच्या चेहऱ्यापासून सुरुवात करून मागे आलो तर ती तीन माणसं शेवटी, मागचा देखावा म्हणून दिसतात. उजव्या कडेपासून सुरू करून डावीकडे गेलो तर आधी डोंगा, मग जाळं, मग बदकं, मग ज्यांच्यासाठी बदकं काढली ते. फोटोत काहीही बदललेलं नाही, तरी गोष्ट दुसरी झाली.

आम्ही कडेपासून सुरुवात केली. बाबाजींचं ‘हा पत्रा पाह्यला का जी’ ऐकू येतं तेव्हा पडद्यावर फक्त तो पत्रा आणि चार खिळे. तिथून अठरा सेकंदांत कॅमेरा बदकांवरून मालगुजारांपर्यंत जातो.

मालकांना हे आधी दाखवणं भाग होतं. त्यांनी बघितलं आणि गप्प बसले. मग म्हणाले, ‘आमच्या आजोबांना तुम्ही गुन्हेगारासारखं शेवटी हजर केलं.’

हा आक्षेप मी उडवून लावला नाही, कारण त्यात तथ्य होतं. तुकडे दाखवून जुळवलेली गोष्ट बघणाऱ्याच्या हातात काहीच ठेवत नाही. त्यावर निघालेली तोड मला अजूनही या प्रकरणातला सगळ्यात कामाचा नियम वाटते: ज्या फोटोत कॅमेरा सरकवला, तो फोटो शेवटी पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत, न हलवता दाखवायचा. इथे तो आठ सेकंद स्थिर आहे आणि त्यावर निवेदनही नाही. ज्याला जिकडे बघायचं तिकडे त्याने बघावं. खाली एक ओळ, ‘फोटो : वाड्याच्या संग्रहातून’. शिवाय १९५१ नंतरही त्यांच्या वडिलांनी काही वर्षं पाळीच्या डागडुजीला पदरचं धान दिलं होतं. मोहल्ल्यातल्या दोघांनी ते आपणहून सांगितलं, ते एका वाक्यात आलं. पहिली स्लाइड मात्र बदलली. ‘मालगुजार साहेबांनी बांधलेला’ हे शब्द गेले. मालक त्यावर काही बोलले नाहीत.

संहिता, आणि कुणाच्या तोंडी कोणती भाषा

कागदाला मधोमध रेघ: डावीकडे ऐकू येणारं, उजवीकडे दिसणारं. आधी डावी बाजू पूर्ण लिहायची, मोठ्याने वाचायची, घड्याळ लावायचं. मराठी निवांत वाचली तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. साडेपाच मिनिटांत शांततेच्या जागा धरून साडेपाचशेच्या आत बसायला हवं. पोरांचा पहिला मसुदा बाराशेच्या वर होता. त्यातून ‘निसर्गरम्य’, ‘ऐतिहासिक वारसा लाभलेला’ आणि ‘डोळ्यांचे पारणे फेडणारा’ काढले तेव्हाच बरंच अंग उतरलं. जे फोटोत दिसतंच आहे ते निवेदनात सांगायचं नाही, एवढं पथ्य पाळलं आणि उरलेलंही आटोक्यात आलं.

फोटो एकवीसच ठेवले. कुठला चार सेकंद, कुठला वीस. वाक्य संपेपर्यंत फोटो राहतो, घड्याळावर नाही.

निवेदनाला नववीतली एक मुलगी निवडली. मुख्याध्यापकांचा आग्रह की सगळं शुद्ध भाषेत हवं, बाहेरगावचे लोक येणार, शाळेचं नाव आहे. बाबाजींचं बोलणं मुलीने प्रमाण मराठीत वाचून दाखवावं, असं त्यांनी सुचवलं. आम्ही दोन्ही करून बघितलं. मुलीच्या आवाजात ‘माझ्या वडिलांनी डोंग्याला पत्रा ठोकला होता’ हे धड्यातलं वाक्य वाटत होतं. सरांनीच ऐकून मान हलवली. मुलगी शाळेच्या मराठीत बोलते, बाबाजी आपल्या बोलीत, आणि बाबाजी बोलतात तेव्हा खाली अक्षरं येत नाहीत. गावासाठी केलेल्या वस्तूत गावच्या बोलीला तळटीप कशाला.

रेकॉर्डिंग मुलीच्या घरी, कोठीच्या खोलीत झालं. धानाची पोती चारी बाजूंनी, त्याहून चांगला स्टुडिओ साकोलीतही मिळणार नाही. आवाज घुमतच नाही. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवलेला, तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसत नाही. शेवटी अर्धा मिनिट कुणीच काही बोलायचं नाही. त्या खोलीची ती शांतता पुढे ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या प्रोग्रॅममध्ये कामाला येते. वाक्यांच्या मधली जागा तिने भरली की जोड कळत नाही. गाण्याच्या जागी सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज घेतला. तिथे वारा फार होता, मोबाइलवर सुती दुपट्टा गुंडाळावा लागला.

सुनेची गोष्ट

पाळीवर एक ठाणं आहे. शेंदूर लावलेले दोन दगड, वर चिंच. गावात गोष्ट सांगतात की पाळ टिकेना तेव्हा पाटलाने आपल्या सुनेचा बळी दिला. अशा गोष्टी जुन्या तलावांच्या भोवती ठिकठिकाणी ऐकायला मिळतात. पोरांना ती हवीच होती, रंगतदार भाग तोच ना. एकाने तर एआयवर चित्र करून आणलं: हिरव्या लुगड्यातली बाई, मशाली, वीज चमकतेय. चित्र झकास होतं.

मी नको म्हटलं आणि यावर बरीच वादावादी झाली. माझं म्हणणं असं होतं, वीस खऱ्या फोटोंच्या ओळीत एक बनवलेलं चित्र बसलं की तेही पुरावा होऊन बसतं. पाच वर्षांनी शाळेतलं पोर म्हणेल, मी बघितलंय, फोटो आहे. चित्र घालायचंच तर ते चित्र आहे हे लांबूनच कळलं पाहिजे, हाताने काढलेलं, पेन्सिलचं.

वाद मिटवला एका आजींनी. दर वर्षी त्या ठाण्यावर ओटी भरतात त्या. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि झटकली. ‘कोनी बळी नाही देल्ला बापू. ते शिदोरी घेऊन गेली होती मानसाईला. राती पार फुटली, ते वाहून गेली. मंग लोकाईनं तिची माय केली.’

दोन्ही गोष्टी ठेवल्या. निवेदिका म्हणते, ‘गावात दोन गोष्टी सांगतात’, पहिली दोन वाक्यांत सांगते, दुसरी आजींच्या आवाजात येते. पडद्यावर सगळा वेळ त्या दोन दगडांचा फोटो, मी सांगितल्याप्रमाणे सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला. शेंदराचे थर एकावर एक दिसतात. कुठली गोष्ट खरी, हे आम्ही ठरवलेलं नाही.

सालं

‘चारशे वर्षांपूर्वीचा तलाव’ हे पोरांच्या मसुद्यात होतं. कशावरून, तर सगळे म्हणतात. आम्ही ते काढलं. जिल्ह्याच्या या भागात गावाच्या रूढी, निस्तार हक्क म्हणजे गावाच्या सामाईक वापराचे हक्क, पाणी-चराईचे हक्क लिहून ठेवायची जुनी पद्धत आहे. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक हे ते कागद, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही त्यांना जागा आहे. तहसीलमधून गावच्या जुन्या कागदाची नक्कल मिळाली त्यात तलावाचा आणि त्याच्या पाण्यावरच्या हक्काचा उल्लेख आहे. निवेदनात मग एवढंच: तलाव त्या कागदापेक्षा जुना आहे. किती जुना, त्याला आधार मिळाला की सांगू.

फोटोचं साल शोधायला शाळाच उपयोगी पडली. खुर्चीजवळचा मुलगा म्हणजे मालकांचे वडील. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची जन्मतारीख सापडली, १९२९. फोटोत वय आठ-दहा धरलं तर फोटो १९३७ ते ४० च्या दरम्यानचा. निवेदनात ‘१९४० च्या आसपास’. रजिस्टरचं ते पान मी शोमध्ये घेतलेलं नाही. त्याच पानावर इतरांच्याही नोंदी असतात, जातीसकट. मुलांनी विचारलं की बदकं मारायला बंदी नव्हती का, म्हणून एक वाक्य वाढवलं: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा.

मंडईच्या रात्री

सार्वजनिक दाखवण्याआधी वाड्यात एकदा आणि मोहल्ल्यात एकदा शो झाला होता, त्यामुळे मंडईत कुणाला धक्का बसायचं कारण नव्हतं. शाळेच्या भिंतीला चुना दिला होता. नाटक मंडळींच्या जनरेटरवर प्रोजेक्टर, त्यांच्याच साउंड सिस्टिमला लॅपटॉपची वायर. फाइल पेनड्राइव्हवर एमपी-फोर करून वेगळी ठेवलेली, कारण गावातल्या लॅपटॉपवर फाँट नसला की मराठी अक्षरांचे चौकोन होतात; व्हिडिओत ती भानगड राहत नाही. समोरच्या पोरांनी पहिली दोन मिनिटं शिट्ट्या मारल्या. बाबाजींचा आवाज आला तेव्हा मागून कुणीतरी ‘ओ बाबाजी!’ म्हणून ओरडलं आणि हशा पिकला. नाटकवाल्यांना उशीर होत होता तरी लोकांनी शो पुन्हा लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी भांडण झालं. मोहल्ल्यातलं आणखी एक घर म्हणालं, डोंग्याचं नाक धरलेला माणूस बाबाजींचा बाप नाही, आमचा आजा आहे. डोंगा बाबाजींच्या घरचा असेल, पण तो धरून उभा राहणारा आमचा. त्यांच्याकडेही फोटो नाही, बाबाजींकडेही नाही. जाळंवाल्याला अजून कुणी ओळखलेलं नाही. मी त्या कडेच्या दोन मोठ्या प्रिंट काढून दोन्ही घरी दिल्या. दोन्ही घरांत त्या लागल्या आहेत, आणि मला सांगतात की एका घरात हारही घातलाय.

शोची दुसरी आवृत्ती त्यामुळे करावी लागली. निवेदिकेचं एक वाक्य पुन्हा रेकॉर्ड केलं, त्याच कोठीत, नाहीतर आवाज जुळला नसता: ‘डोंगा धरलेले गृहस्थ कोण, याबद्दल मोहल्ल्यात दोन घरांची दोन मतं आहेत.’ वाक्य लांबल्यामुळे तो फोटो आता एकवीस सेकंद सरकतो.

एक काम उरलं आहे. तलावाची आतल्या बाजूची दगडी बांधणी आणि पाणी सोडायची जुनी मोरी वैशाखात, पाणी उतरलं की दिसते. आम्ही सुरुवात केली तेव्हा तलाव भरत आला होता. गाळ काढला त्या वर्षीचे काही फोटो एका ट्रॅक्टरवाल्याकडे निघाले, पण त्यात मोरीसमोर जेसीबी उभा आहे. त्या जागी सध्या सातवीतल्या मुलाने पेन्सिलने काढलेली आकृती आहे, खाली ‘आकृती’ असं लिहून. उन्हाळ्यात फोटो मिळाला की बदलायची, असं ठरलं आहे. मुलाच्या आईचं म्हणणं, बदलू नका.